ओलीचा माग

बाबांची सुतारकामाची पेटी मी दोन्ही हातांनी उचलली आणि तिचा तळ जमिनीवरच राहिला. पेटीच्या चार बाजू, झाकण आणि पितळी कडी माझ्या हातात होती. रंधा, पटाशी, करवत, गुण्या ही सारी हत्यारे मात्र भिजून मऊ झालेल्या त्या फळीवर, बाबांनी जशी ठेवली होती त्याच क्रमाने, तळघराच्या फरशीवर पडून होती. मी खाली आले होते ती केवळ एक पेचकस न्यायला. करवतीच्या पात्यावर तांबूस गंज चढला होता, रंध्याचे लाकूड फुगल्यामुळे त्याचे पाते आत घट्ट अडकले होते आणि फळीच्या खालच्या अंगाला काळपट बुरशीची जाळी पसरली होती. पेटी जिथे वर्षानुवर्षे बसली होती तिथे तिच्या मापाचा एक गडद चौकोन उमटला होता आणि त्याच्या कडेने मिठासारखी पांढरी रेघ होती. बाहेर पाऊस थांबून तीन तास होऊन गेले होते. तरीही मागची भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून पाण्याचा एक पातळ ओघळ सरकत माझ्या पावलांकडे येत होता. जमिनीवर पाणी आणि भिंतीवर विजेची बटणे अशा जागी उभे राहणे बरे नव्हे, म्हणून मी आधी वर जाऊन तळघराचा मेन स्विच बंद केला आणि मग टॉर्च घेऊन परत खाली येऊन त्या ओघळाकडे बराच वेळ पाहत बसले.

पेटी गेली याचे वाईट वाटलेच, पण त्याहून एक गोष्ट मनाला अधिक लागून राहिली. बाबांना जाऊन दोन वर्षे झाली होती. त्या दोन्ही पावसाळ्यांत तळघराचे दार उघडले की भिजलेल्या पुठ्ठ्याचा आणि जुन्या मातीचा तो कोंदट वास अंगावर येई आणि मी हातातले काम उरकून दार पुन्हा ओढून घेई. तळघर म्हणजे असा वास यायचाच, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. आमच्याकडे पावसाळा जवळ आल्याची पहिली खूण आभाळात दिसत नसे. ती तळघरातून वर येणाऱ्या रंगाच्या वासाने कळत असे. दर एक-दोन वर्षांनी बाबा मागच्या भिंतीचे पोपडे पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढत, लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारी क्षारांची पांढरी भुकटी, ओल्या फडक्याने पुसून घेत आणि भिंतीवर पाणी अडवणाऱ्या रंगाचा नवा हात देत. मी शेजारी टॉर्च धरून उभी असे. रंग वाळला की भिंत इतकी नितळ दिसे की आम्हा दोघांनाही वाटे, या वेळी जमले. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर त्याच कोपऱ्यात रंगाला पुन्हा फोड येत. बोटाने दाबला तर आतून गार पाणी निघे.

आता मागे वळून पाहताना कळते की ओल्या फडक्याने लोणा पुसणे हीच चूक होती. पाणी मातीतून आणि सिमेंटमधून वाट काढताना त्यांतले क्षार विरघळवून सोबत आणते. भिंतीच्या पृष्ठभागावर पोहोचल्यावर पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच उरतात. ओले फडके फिरवले की ते क्षार पुन्हा विरघळून भिंतीत शिरतात. लोणा कोरड्या, राठ ब्रशने झाडून काढायचा असतो. आणि आतून दिलेला रंग टिकत का नव्हता, याचे उत्तर तर अगदी सरळ आहे. भिंतीबाहेरच्या मातीत पाणी साठले की जितकी खोली अधिक तितका त्याचा दाब अधिक. एक मीटर खोल साठलेले पाणी तळाशी दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन इतक्या जोराने भिंतीवर रेटत असते. तो रेटा भिंतीतून येऊन रंगाला पाठीमागून ढकलतो. रंग भिंतीला नुसता चिकटून असतो, त्याला समोरून आधार काहीच नसतो. बाहेरून लावलेला थर पाण्याने भिंतीवर दाबला जातो आणि आतून लावलेला थर भिंतीपासून सुटतो, एवढा साधा हिशेब बाबांसारख्या हिशेबी माणसाच्या ध्यानात कसा आला नाही, याचे मला त्या रात्री फार नवल वाटले. थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीच्या मागे लागले. आधी ठरवायचे होते ते एवढेच, की हे पाणी बाहेरून येते आहे की खोलीतल्या हवेतूनच भिंतीवर जमते आहे. तळघराच्या भिंती थंड असतात; बाहेरची दमट हवा त्यांना लागली की गार भांड्यावर जसे दव धरते तसे भिंतीवर धरते आणि ती ओल गळतीसारखीच दिसते. मी वीतभर रुंदीचे जाड प्लॅस्टिकचे चौकोन कापले, भिंत फडक्याने कोरडी करून प्रत्येक भिंतीला एक-एक चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद केला आणि दोन दिवस थांबले. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ते हवेतले पाणी, आणि प्लॅस्टिक व भिंत यांच्यामध्ये दिसले तर ते भिंतीतून आलेले. मला हवे होते एक उत्तर आणि मिळाली दोन. उजवीकडच्या भिंतीवर थेंब खोलीकडच्या बाजूला होते. मागच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या आत इतके पाणी जमले होते की खालची चिकटपट्टी सुटून लोंबत होती. म्हणजे घरात दोन वेगवेगळ्या ओली होत्या आणि इतकी वर्षे आम्ही दोघींना एकच समजत होतो. पावसाळी दिवसांत हवा खेळावी म्हणून आई तळघराची खिडकी मुद्दाम उघडी ठेवत असे. त्या खिडकीतूनच पहिली ओल आत येत होती.

दुसरी ओल कुठली, ते शोधायला वेळ लागला. घरातली एखादी नळी फुटली असेल म्हणून एका रात्री सगळे नळ बंद ठेवून मी पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी तो तेवढाच होता. मग एक वही केली. सरळ उभ्या बाजूंची एक काचेची बरणी अंगणात मोकळ्यावर ठेवली आणि दर पावसानंतर तिच्यात किती मिलिमीटर पाणी जमले, पाऊस किती वेळ पडला आणि कोपरा किती वेळाने ओला झाला, हे लिहू लागले. तीन आठवड्यांत वहीने जे सांगितले ते नुसत्या डोळ्यांना कधीच दिसले नसते. दिवसभर रिमझिम पडून २० मिलिमीटर जमले त्या दिवशी कोपरा कोरडा राहिला. तेवढाच पाऊस तासाभरात कोसळला त्या दिवशी तासाभरातच फरशीवर ओघळ आला आणि पाऊस थांबल्यावर चार-पाच तासांनी थांबला. जमिनीखालची पाण्याची पातळीच वर चढत असती तर ओल सावकाश आली असती आणि पाऊस गेल्यावरही दिवसचे दिवस रेंगाळली असती. इथे पाणी घाईने येत होते आणि घाईने जात होते. ते वरून येत होते, जवळून येत होते, आणि जमिनीला ते पिऊन टाकायला वेळ मिळत नव्हता तेव्हाच येत होते.

याच दिवसांत मी एका गळतीच्या ठेकेदाराला बोलावले. त्याने तळघरात उभे राहून भिंतीवर टॉर्च फिरवला, मधल्या उभ्या भेगेवर बोट ठेवले, भेगेत रसायन भरून सगळ्या भिंतींना आतून लेप देण्याचे अंदाजपत्रक तिथेच लिहून दिले आणि तो निघून गेला. घराच्या मागे जाऊन त्याने एकदाही पाहिले नाही. त्या कागदाकडे पाहताना मला वाटले की हा तर बाबांचाच उपाय आहे, फक्त डबा मोठा आहे. मी नकार कळवला. पण भेग होतीच, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नव्हते, म्हणून तिच्याभोवतीचा रंग खरवडायला घेतला.

राखाडी रंगाखाली पिवळसर निघाला, त्याखाली फिकट हिरवा, मग निळा आणि सगळ्यांत खाली पांढरा. पत्र्याच्या धारेने कापल्यावर कडेला ते पाचही थर एकावर एक दिसत होते आणि प्रत्येक दोन थरांमध्ये लोण्याची एक बारीक पांढरी रेघ होती. निळा मला ओळखू आला. त्या वर्षी मी बाबांच्या शेजारी टॉर्च धरून उभी असताना माझ्या केसांना तो लागला होता. भेग केसाएवढी बारीक होती आणि मांडणीच्या फळ्यांमागे जाऊन संपत होती. मी मांडणी भिंतीपासून हातभर पुढे ओढली.

मांडणीमागचा भिंतीचा पट्टा बाबांनी कधीच रंगवला नव्हता, आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

भेगेच्या खालच्या टोकाशी एक आडवी छोटी रेघ आणि तिच्यापुढे २००८. तिच्याच शेजारी, त्याच उंचीवर, २०१२. पुन्हा तिथेच २०१७ आणि २०२१. तेरा वर्षांत भेग एका रेघेनेही वाढली नव्हती. सिमेंट-काँक्रीट वाळताना आकसते आणि त्या ताणाने अशा उभ्या, बारीक चिरा पडतात. त्या तिथेच थांबल्या तर इमारतीला त्यांचे फारसे भय नसते. भेग आडवी असती, भिंत आत फुगलेली दिसत असती किंवा खुणांपुढे ती सरकत गेली असती, तर मातीच्या रेट्याने भिंत वाकते आहे असे समजून स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठावे लागले असते. बाबांनी हे कुणाला विचारून केले होते की स्वतःच्या मनाने, ते मला ठाऊक नाही. रंधा मारण्याआधी ते लाकडावर पेन्सिलीने अशीच रेघ मारून ठेवत.

खुणांची दुसरी रांग कोपऱ्याजवळ, जमिनीपासून वर चढत जाणारी होती. ती ओलीच्या उंचीची होती. २००८ ची रेघ फरशीपासून वीतभर वर. २०१० ची तिच्याहून थोडी खाली. २०१३, २०१५, सगळ्या त्याच आसपास. २०१६ ची एकदम दुप्पट उंचीवर. मग २०१८ ची तिच्याही वर, आणि २०२१ ची माझ्या गुडघ्याला लागेल इतकी. शेवटच्या आकड्यातला एकचा अंक हात कापल्यासारखा थरथरलेला होता. मी फरशीवर बसून त्या रेघा पुनःपुन्हा मोजल्या, कारण २०१६ मध्ये काय झाले हे मला पक्के आठवत होते. त्या वर्षी घराच्या मागच्या भिंतीला लागून मी फुलझाडांचा वाफा केला होता. तो माझा हट्ट होता. विटांची दोन थरांची कड बांधली होती, आत माती भरली होती, आणि त्या विटा रस्त्यावरून मागच्या अंगणापर्यंत घमेल्यातून बाबांनी वाहून आणल्या होत्या.

बाबांना हे कळले होते का? दोन रेघांमधली उडी त्यांनी स्वतः मारून ठेवली होती, तीही वर्षासकट. जो माणूस भेगेच्या टोकाशी तेरा वर्षे खुणा करतो त्याला आपल्याच रेघेची दुप्पट झालेली उंची खुपली नसेल, असे मला वाटत नाही. आणि कळले असेल तर त्यांनी मला वाफा काढायला का सांगितले नाही, याचे उत्तर मला जे वाटते ते त्यांच्या तोंडी घालण्याचा मला अधिकार नाही. कदाचित त्यांना खरेच कळले नसेल. ते भिंतीकडे नेहमी आतूनच पाहत आले होते. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "ते खाली गेले की तासन्‌तास वर यायचे नाहीत. मला वाटायचं, सुतारकाम करतात." मग थोडे थांबून तिने आणखी एक वाक्य उच्चारले, जे मी गेली कित्येक वर्षे कधीही तिच्याकडून काढून घेऊ शकले असते. "त्या कोपऱ्यात पूर्वी बागेच्या नळाची लाइन होती ना, घर नवं होतं तेव्हा."

आम्हा कुणालाच ते माहीत नव्हते, कारण आम्ही तिला विचारलेच नव्हते.

त्यानंतरच्या पहिल्या जोरदार पावसात मी छत्री आणि टॉर्च घेऊन घराच्या मागे गेले. गळती शोधायची तर पाऊस पडत असतानाच बाहेर उभे राहावे, कारण उन्हात कोरड्या भिंतीकडे पाहून पाण्याची वाट कळत नाही. त्या पंधरा मिनिटांत मला जे दिसले ते पाहून छत्री असूनही मी पूर्ण भिजले आहे हे माझ्या लक्षात आले नाही. छतावरचे पाणी पन्हळीतून कोपऱ्यातल्या उभ्या पाइपात येते, आणि त्या पाइपाचा सगळ्यांत खालचा कोपर सांध्यातून निखळून भिंतीकडे वळला होता. पाणी त्यातून सरळ वाफ्यात पडत होते. वाफ्याच्या विटांच्या कडेने ते अडवून धरले होते. झाडांची बुडे बुडाली होती आणि फुलांच्या पाकळ्या पाण्यावर तरंगत भिंतीच्या बाजूला जाऊन चिकटत होत्या. पाकळ्या भिंतीकडे जात होत्या, म्हणजे जमिनीचा उतारही भिंतीकडेच होता. घर बांधताना पायासाठी खणलेला खड्डा नंतर मातीने भरतात. हा भराव आजूबाजूच्या मुरलेल्या जमिनीपेक्षा भुसभुशीत असतो आणि वर्षांमागून वर्षे खाली बसत जातो, त्यामुळे बाहेरच्या बाजूला दिलेला उतार हळूहळू उलटा होतो. बरणीत त्या संध्याकाळी ४० मिलिमीटर जमले होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. त्या पाइपाकडे येणारे छत साधारण ६० चौरस मीटरचे आहे. म्हणजे एका संध्याकाळी २,४०० लिटर पाणी मी माझ्या हाताने बांधलेल्या हौदात, माझ्याच घराच्या भिंतीला टेकवून साठवत होते.

त्याच रात्री एक लांब प्लॅस्टिकचा पाइप कोपराला बांधून मी पाणी भिंतीपासून तीन मीटर दूर सोडले. पुढच्या सरीला तळघरातला ओघळ अर्ध्याहून कमी झाला. थांबला मात्र नाही, आणि पाणी नेमके कुठून आत शिरते हेही अजून कळलेले नव्हते. चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा रबरी नळी घेऊन परीक्षा करायचे ठरवले. या परीक्षेत घाई अजिबात चालत नाही. भिंतीच्या लांबीचे तीन भाग पाडायचे, एका वेळी एकाच भागाच्या पायथ्याशी पाणी सोडायचे, आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसायचे, आणि निदान अर्धा-पाऊण तास तरी निकाल लागेपर्यंत पुढच्या भागाला हात लावायचा नाही. सगळीकडे एकदम पाणी मारले तर ओल दिसते, पण ती कुणाची ते कळत नाही. आई बाहेर नळीपाशी बसली आणि मी आत. भेगेसमोरच्या भागात पाऊण तास पाणी सोडले. भेग कोरडी राहिली. तिच्यावर इतक्या वर्षांचा संशय होता आणि तिचा काही दोष नव्हता. शेवटी वाफ्यात पाणी सोडले आणि त्यात चिमूटभर फ्लुओरेसीन मिसळले, म्हणजे पाण्याला हिरवेगार करणारा एक रंग.

हा रंग अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये तयार केला. पुढे सहाच वर्षांनी त्याचा असाच एक मोठा प्रयोग झाला. डॅन्यूब नदीचे पाणी जर्मनीत एका ठिकाणी चुनखडीच्या जमिनीत गडप होते. ते कुठे जाते हे पाहण्यासाठी १८७७ मध्ये तिथे १० किलो फ्लुओरेसीन टाकले आणि सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटर दूरच्या आख झऱ्याचे पाणी हिरवेगार झाले. त्या झऱ्याचे पाणी पुढे ऱ्हाइनला मिळते, म्हणजे एका नदीचे पाणी जमिनीखालून दुसऱ्या नदीला जात होते आणि वरून पाहणाऱ्या कुणालाही ते दिसत नव्हते. अंधाऱ्या तळघरात स्टुलावर बसून कोपऱ्याकडे पाहताना मला त्या साठ तासांचे फार अप्रूप वाटत होते. माझ्या वाट्याला पन्नास मिनिटे आली. पाणी मातीतून किती वेगाने जाईल हे फ्रान्समधल्या दिजाँ शहरात आंरी दार्सी या अभियंत्याने वाळू भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून मोजले आणि १८५६ मध्ये प्रसिद्ध केले: वरच्या पाण्याची उंची जितकी अधिक तितका प्रवाह अधिक, वाटेची लांबी जितकी अधिक तितका कमी, आणि बाकी सारे त्या मातीच्या जातीवर. चिकणमातीतून पाणी वाळूपेक्षा लाखभर पटींनी सावकाश जाऊ शकते. आमचा बसलेला, भुसभुशीत भराव आणि त्यावर उभे राहिलेले पाणी, यांना मिळून पन्नास मिनिटे पुरेशी होती. एकावन्नाव्या मिनिटाला भिंत आणि फरशीच्या सांध्यात हिरवा ठिपका दिसला, लांबट झाला आणि वाहू लागला. मी वर धावत जाऊन आईला हाक मारली तेव्हा माझा आवाज रडल्यासारखा झाला होता, असे ती अजून सांगते.

पण ओल जिथे दिसली तिथेच पाणी शिरले, असे धरून चालता येत नाही. "कुठेतरी पाणी मुरते आहे" असे आपण म्हणतो त्यात "कुठेतरी" हा शब्द उगीच आलेला नाही. यापुढचे काम एका म्हाताऱ्या गवंड्याने केले, आणि मी त्याच्याकडून जे शिकले ते मला कुठल्याही पुस्तकात सापडले नसते. त्याने भिंतीकडे पाहिलेही नाही. थापी उलटी धरून तिच्या लाकडी मुठीने तो कोपऱ्यापासून वर गिलाव्यावर ठोकत गेला आणि कान भिंतीपाशी नेऊन ऐकत राहिला. टण, टण, टण, आणि मग एकदम बद. पुन्हा बद. "ताई, इथं गिलावा भिंतीपासून सुटलाय. पाणी ह्याच्या मागनं खाली उतरतंय." तो बद आवाज फरशीपासून छातीच्या उंचीपर्यंत एका पट्ट्याने वर गेला आणि एका वाटोळ्या जागी थांबला. छिन्नीचे चार घाव बसताच गिलाव्याचा मोठा तुकडा निसटून पडला आणि मागे भिंतीत एक गंजलेल्या लोखंडी नळीचे तोंड दिसले. तिच्याभोवतीच्या फटीत कोळशासारखी काळी पडलेली चिंधी कोंबलेली होती. ती हिरवी झाली होती. आईच्या बागेच्या नळाची लाइन. ती बंद केल्यावर कुणीतरी नळी कापली, फटीत चिंधी घातली आणि वरून गिलावा करून टाकला. बाहेरच्या बाजूने ती जागा जमिनीखाली सत्तर सेंटिमीटरवर, बरोबर वाफ्याच्या खाली होती. कोपऱ्यात दिसणारे पाणी छातीच्या उंचीवर आत येत होते.

"काका, भेग भरायची का?" मी विचारले. त्याने पेन्सिलीच्या खुणा वाकून वाचल्या, चारही आकडे बोटाने मोजले आणि म्हणाला, "ही झोपलेली आहे. हिला कशाला उठवता?"

नळीचे तोंड बाहेरून बंद करायचे काम माती सुकेपर्यंत थांबले. पावसाळा संपल्यावर वाफा मोडला. झाडे कुंपणाच्या कडेला हलवली. त्यांतली दोन जगली नाहीत. विटा मी घमेल्यातून एकटीने वाहून नेल्या आणि त्यांचे वजन मला तेव्हा समजले. मग भिंतीलगत खड्डा खणून नळी उघडी केली. गवंड्याने तिच्याभोवतीची फट छिन्नीने आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी कापली, म्हणजे भरलेला गोळा बाहेर निसटू नये. ब्रशने धूळ काढली. आणि वाहत्या पाण्यातही घट्ट होणारे सिमेंट थोडेसेच, एका मुठीत मावेल एवढे कालवले. ते तीन ते पाच मिनिटांत सेट होते आणि होताना किंचित फुगते, म्हणून जास्त कालवले तर वाया जाते. त्याने हातमोजा घातलेल्या तळहातावर चिकणमातीसारखा गोळा वळला, तो जरा ऊन लागेपर्यंत थांबला आणि मग फटीत दाबून तळहात तसाच धरून ठेवला. "हात लावून बघा," तो म्हणाला. मी दुसरा मोजा चढवून बोटे टेकवली. गोळा आजारी माणसाच्या कपाळासारखा गरम होता. आम्ही दोघेही न बोलता तिथे उभे होतो. त्याने हात काढला तेव्हा तिथे दगड झाला होता. त्यावर त्याने बाहेरून डांबरी पडद्याचा तुकडा चिकटवला.

फ्रेंच ड्रेन करावा का, असा विचार मध्यंतरी मनात आला होता. खडीने भरलेला आणि तळाशी छिद्रांची नळी घातलेला तो चर फ्रान्समधून आलेला नाही. हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकन न्यायाधीशाने शेतीच्या निचऱ्यावर १८५९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे त्याला हे नाव मिळाले. जिथे जमिनीतलेच पाणी वर चढते तिथे तो उपयोगी पडतो. आमच्याकडे पाणी छतावरून येत होते, ते दूर नेले की पुरे होते. म्हणून खड्डा माती घालून वीतभर थराथराने चोपत भरला, वरचा थर चिकणमातीचा दिला आणि भिंतीपासून तीन मीटरमध्ये पंधरा सेंटिमीटर उतार केला. उतार मोजायला गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरले, एक टोक मला भिंतीशी धरायला सांगितले आणि दुसरे घेऊन तो अंगणात चालत गेला. पाणी दोन्ही टोकांना आपोआप एकाच पातळीवर येऊन थांबले. इतके महिने मी ज्याच्या मागावर होते त्याच पाण्याने शेवटी मला जमीन किती कललेली आहे ते दाखवले, आणि ते नळीत थरथरून स्थिर होईपर्यंत मी श्वास रोखून धरला होता.

आतली भिंत उघडीच ठेवली आहे. सुटलेला गिलावा काढला, लोणा कोरड्या ब्रशने झाडला आणि रंग दिला नाही. भिंतीतले पाणी बाहेर पडायला वाट हवी आणि पुढचा एक पूर्ण पावसाळा ती माझ्या डोळ्यांसमोर हवी. दमट दिवसांत खिडकी बंद राहते आणि हवेतली ओल शोषणारे यंत्र चालते. उजव्या भिंतीवरचे दव कमी झाले आहे, गेलेले नाही. पेटीला नवा तळ मी स्वतः ठोकला. सांधे बाबांच्यासारखे बसले नाहीत. करवत घासून स्वच्छ झाली, रंधा मात्र सुटला नाही. पेटी आता दोन लाकडी पट्ट्यांवर, फरशीपासून वर ठेवली आहे.

या वर्षीचा पहिला मोठा पाऊस रात्री आला. दोन वाजता मी टॉर्च घेऊन खाली गेले आणि कोपऱ्यासमोर स्टूल ओढून बसले. तास झाला, दीड तास झाला. सांध्यावरून बोट फिरवले तर बोटाला कोरडी धूळ लागली. मांडणीमागे जाऊन भेगेचे टोक पाहिले. ते २००८ च्या रेघेवरच होते. तिथे पेन्सिलीने नवे वर्ष लिहायला हात गेला आणि मी तो मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला आणि लिहिले. ओलीच्या रांगेत लिहायला काही नव्हते. वर आले तर आई जागी होती, अंथरुणावर बसून खिडकीकडे कान देऊन. सकाळी बरणीत ५२ मिलिमीटर भरले, पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हते. पाइपातले पाणी अंगणाच्या पार टोकाला खडीवर पडत होते आणि तिला त्या आवाजाची सवय नव्हती.

"पाऊस लांब गेला का गं?" तिने विचारले.

"नाही आई," मी म्हणाले, "इथेच पडतो आहे."